पिना मारलेला धडा

मुलं मला माझ्या पाठीमागे 'तोफ' म्हणतात. हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे, आणि त्यामुळे आमचं बरं चाललंय. मी इतिहास शिकवते. पण आठवड्यात माझे दोन तास रिकामे दिसले, म्हणून तीन वर्षांपूर्वी नववी 'ब'चा 'जगातील धर्म' हा विषय माझ्या गळ्यात पडला. या विषयाला परीक्षा नाही, गुण नाहीत, वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात नुसती श्रेणी लिहायची. त्यामुळे वेळापत्रकात त्याला मधल्या सुट्टीनंतरचा तास मिळालाय. तेव्हा डबे पोटात गेलेले असतात आणि निम्म्या वर्गाच्या माना बाकावर टेकायच्या बेतात असतात.

पुस्तक दहा धड्यांचं. प्रत्येक धड्याच्या शेवटी, सगळे धर्म प्रेमच शिकवतात, अशा अर्थाचं एक वाक्य. एवढं प्रेम सगळ्यांनी शिकवलं तर माझ्या इतिहासाच्या पुस्तकात इतक्या लढाया कुठून आल्या, असं मी एकदा भर वर्गात बोलून गेले आणि मुख्याध्यापकांनी मला चहाला बोलावलं. त्यांचा चहा म्हणजे तंबी. तेव्हापासून ते वाक्य मी मुलांना मनातल्या मनात वाचायला सांगते.

बाकी हा विषय मला आवडायला लागला होता, हेही कबूल करते. माझी शिकवायची एक रीत आहे. माणसं काय मानतात ते विचारायचं नाही, काय करतात ते विचारायचं. मानण्यावर बोललं की पोरं एकमेकांच्या अंगावर जातात. करण्यावर बोललं की त्यांचे डोळे मोठे होतात. कोण दिवसातून पाच वेळा तोंड-हातपाय धुऊन नमाज पढतं, कोण प्रार्थनेच्या जागी आत जाताना डोकं झाकतं आणि कोण आत गेल्यावर टोपी काढतं, कोण मुंगी मरू नये म्हणून वाट झाडत चालतं. असं सांगितलं की शेवटच्या बाकावरचाही जागा होतो.

त्या वर्गात एक मुलगी होती. उंच, सडसडीत, बसली तरी पाठ ताठ, म्हणून मुलांनी तिचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं होतं. ती त्या नावाला हसून ओ द्यायची. तिची आई शहर बसवर कंडक्टर होती. खणखणीत आवाजाची, गर्दीत 'पुढे सरका' म्हणाली की बसच काय, रस्ताही पुढे सरकेल अशी. पालकसभेला ती खाकी गणवेशातच यायची, मागच्या बाकावर बसायची आणि सभा लांबली की मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मोठ्यानं सुस्कारा सोडायची. मला ती बाई फार आवडायची. ती आजारी पडली आणि सतरा दिवसांत गेली.

दोन आठवड्यांनी मोजपट्टी शाळेत परत आली. पाठ तशीच ताठ, गृहपाठ पूर्ण, आणि तोंडातून शब्द नाही. हजेरीला 'हजर' म्हणायची तेवढंच. मुलं बिचारी तिच्याभोवती जपून वावरायला लागली. कुणी 'आई गं' म्हणून ओरडलं तरी बाकीचे त्याला कोपरानं ढोसायचे.

आणि आमच्या पुस्तकात सहावा धडा संपत आला होता. सातवा होता 'निरोप'. माणूस गेल्यावर वेगवेगळ्या धर्मांचे लोक काय करतात, त्याचा.

बुधवारी मधल्या सुट्टीत वर्गाची मॉनिटर शिक्षकांच्या खोलीत आली. हिला सगळे 'रेडिओ' म्हणतात, का ते सांगायला नको. ती दार लोटून, चक्क कुजबुजत म्हणाली, "बाई, सातवा धडा घेऊ नका."

"का गं? मुख्याध्यापक झालीस का?"

"मोजपट्टीमुळे. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय." मग जरा घुटमळून म्हणाली, "आणि बाई, तुमचं पुस्तक जरा द्याल का? दोन मिनिटं."

मी दिलं. मला वाटलं, वर्गात पुस्तक कमी पडलं असेल. दोन मिनिटांनी ते परत आलं तेव्हा सातव्या धड्याची सगळी पानं कडेनं एकत्र करून त्यांना स्टेपलरच्या पिना मारलेल्या होत्या. वर एक, खाली एक, उभ्या कडेला तीन.

"हे काय?"

"तिला चुकून पान उघडलं तर वाचायला लागू नये म्हणून."

"मग तिच्या पुस्तकाला मारायच्या. माझ्या कशाला?"

रेडिओनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू साधं गणित मला येत नाही. "बाई, फक्त तिच्याच पुस्तकाला मारल्या तर तिला कळेल ना. म्हणून सगळ्यांच्याच मारल्या. छत्तीस. तुमचं सदतिसावं. ऑफिसमधले क्लार्क ओरडतायत, पिनांचा डबा संपला म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. आता मला हसू येतं, तेव्हा मात्र मला सुटल्यासारखं वाटलं. कारण खरं सांगायचं तर तो धडा गाळायचं मी आधीच ठरवलं होतं. पंचवीस वर्षं शिकवतेय. कुठल्या राजाला कुणी विष घातलं ते मी खडूसुद्धा न थांबवता सांगते. पण आई गेलेल्या मुलीसमोर उभं राहून तो धडा घ्यायची माझी छाती नव्हती. पोरांनी पिना मारल्या आणि मला आयतंच निमित्त मिळालं.

तास सुरू झाला. मी सहावा संपवला, घसा खाकरला आणि म्हटलं, "चला, आठवा धडा. पान एकाहत्तर."

छत्तीस पुस्तकं एकदम उलटली. इतक्या शिस्तीत या वर्गानं याआधी कधी काही केलं नव्हतं. मोजपट्टीनं हात वर केला.

"बाई, सातवा?"

"वेळ कमी आहे यंदा."

"अजून तीन महिने आहेत, बाई."

कुणीतरी खोकलं. रेडिओ खिडकीबाहेर बघायला लागली. मोजपट्टी उभी राहिली आणि तिनं आपलं पुस्तक उघडून धरलं. सातव्या धड्याची पानं मोकळी होती. कडेला नुसती भोकं दिसत होती.

"मी मघाशीच काढल्या पिना. कर्कटकानं," ती म्हणाली. "आणि वाचायचा म्हणाल तर हा धडा मी सुट्टीत घरी तीनदा वाचलाय. तुम्ही तो कधी घेताय याची मी वाट बघत होते."

मी हातातला खडू खाली ठेवला.

"यात सगळ्यांचं काही ना काही आहे," ती म्हणाली. आवाज सपाट, जणू पाढे म्हणतेय. "यहुदी लोक सात दिवस घरी बसतात, बुटक्या आसनावर. भेटायला येतो तो आधी बोलत नाही, घरचा माणूस बोलेपर्यंत गप्प बसतो. मुसलमान आंघोळ घालून पांढऱ्या कापडात गुंडाळतात, आणि शेजारचे जेवण पाठवतात. शीख पूर्ण ग्रंथ वाचतात. ख्रिस्ती लोक कबरीवर फुलं ठेवायला जातात. सगळ्यांना काहीतरी करायचं असतं. आमच्या घरी गाडी आली, दोघांनी सही केली आणि गाडी गेली. संध्याकाळी बाबांनी नळाचा वॉशर बदलला. आत्या म्हणाली, असं तर कुणी मांजराचंही करत नाही, आणि भांडून निघून गेली. बाई, मला एवढंच विचारायचंय. ज्यांच्या घरी काहीच करत नाहीत, त्यांच्या माणसाला निरोप दिला असं म्हणतात की नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. वर्गात हे वाक्य मी बहुतेक पहिल्यांदाच उच्चारलं. "पण आपण सातवा धडा घेऊ. सगळ्यांनी पिना काढा. हाताला लागू देऊ नका."

उरलेला अर्धा तास पिना काढण्यातच गेला. कर्कटकं, पट्ट्या, नखं, कुणाचे दात. जाताना मी धड्याखालचा स्वाध्याय फळ्यावर लिहून दिला: 'माणूस गेल्यावर आपल्या घरी काय करतात आणि का करतात, हे घरातल्या मोठ्यांना विचारून दहा ओळी लिहा.' लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. तिच्या घरात मोठं माणूस एकच होतं.

तास सुटल्यावर मी तिला थांबवलं. "तू नाही लिहिलंस तरी चालेल, बरं का."

"लिहायचंय," ती म्हणाली. "पण बाबा बोलत नाहीत. म्हणजे 'जेवलीस का' विचारतात. मी 'हो' म्हणते. मग 'दार लावलंस का' विचारतात."

"आईची इच्छा होती का तशी?"

"बाबा म्हणतात, होती. आत्या म्हणते, बाबांना कटकट नको होती म्हणून आईच्या नावावर ढकलतायत." तिनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. "मला माहीत नाही कोण खरं बोलतंय."

शिक्षकांनी मुलांच्या घरच्या भानगडीत नाक खुपसू नये, हे मीच नव्या शिक्षकांना सांगते. तरी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या वडिलांना शोधत निघाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. कंपनीच्या ऑफिसात कळलं की स्टेशनरोडच्या एका सहामजली इमारतीत काम चालू आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला भेटायला जायचं म्हणजे लिफ्ट बंद असणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. सहा मजले मी माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत चढले.

गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली होती. आत ग्रीसचा वास, एक मोठं चाक, त्यावरून खाली अंधारात गेलेले तारांचे जाड दोर. मोजपट्टीचे वडील गुडघ्यावर बसून चिंधीनं एक-एक दोर पुसत होते आणि बोटानं चाचपत होते. तार तुटायला लागली की आधी बोटाला कळते, डोळ्याला नंतर, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. उंची लेकीनं त्यांच्याकडूनच घेतली होती. मला बघून ते इतक्या झटकन उठले की डोकं वरच्या लोखंडाला आपटलं.

"पोरीला काही झालं का?"

"पोर ठीक आहे. बसा तुम्ही. मला पण बसू द्या, मेले मी चढून."

त्यांनी हत्यारांची पेटी उलटी करून मला बसायला दिली. मी आडपडदा ठेवला नाही. वर्गात काय झालं ते सगळं सांगितलं, पिनांसकट. पिना ऐकून ते किंचित हसले. वॉशरचं ऐकल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"तिनं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "दवाखान्यात जायच्याही आधी, दोन वर्षांपूर्वीच फॉर्म भरला होता तिनं. म्हणाली, देह डॉक्टरी शिकणाऱ्या पोरांना द्यायचा. आणि मागे काही करायचं नाही. माझा हात धरून म्हणाली, 'मला वचन दे. रडायचं तर रडा, पण माझ्या नावानं काही करत बसू नका.' तिचा कशावरच विश्वास नव्हता. माझाही नाही. वचन दिलं, ते पाळलं."

"लेकीला सांगितलंत हे?"

"तिला माहीतच असेल."

"कुणी सांगितलं असेल?"

चिंधी या हातातून त्या हातात गेली.

"मॅडम, वचन देताना सोपं वाटलं," ते म्हणाले. "नंतर कळलं, ती काय मागून गेली ते. दुसऱ्यांच्या घरी लोक येतात, कुणी पाणी आणतं, कुणी लाकडं, कुणी फुलं. हाताला काम असतं. माझ्या हातांना काही नव्हतं. तो नळ ठिबकत होता. म्हणून वॉशर बदलला. खरं तर वॉशर चांगला होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते ग्रीसच्या वासावर ढकललं.

"आणि पोरीशी का बोलत नाही?"

"लिफ्टमध्ये माणसं कशी उभी राहतात, बघितलंय ना? सगळ्यांची तोंडं दाराकडे. एकमेकांकडे कुणी बघत नाही. आम्ही दोघं तसे राहतोय. मी बघितलं तर ती रडेल, ती रडली तर मी रडेन. मग स्वयंपाक कोण करणार?"

"रडत रडत करा," मी म्हटलं. माझा स्वभाव गेला नाही. "अहो, तिला वाटतंय आईला निरोपच दिला नाही. ती तुम्हाला आज-उद्या एक प्रश्न विचारेल. शाळेचा गृहपाठ आहे. त्याला 'काही नाही' असं उत्तर देऊ नका."

"मग काय, खोटं सांगू?"

"खरं सांगा. पण एका शब्दात आटपू नका. माझ्यावर उपकार करा."

ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. उतरताना मला वाटत राहिलं की मी नको तिथं हात घातला. वचन पाळणाऱ्या माणसाला जाऊन 'नीट पाळलं नाहीस' असं सांगून आले होते मी. आणि हा माणूस लेकीला खरंच काही सांगेल का, याची मला अजिबात खात्री नव्हती.

शुक्रवारी वर्गात सगळ्यांच्या वह्या बाकावर होत्या. एकेकाला पुढे बोलावून वाचायला लावलं. रेडिओनं दहाच्या जागी तीन पानं लिहून आणली होती. तिची आजी आधी तिच्यावर भडकली, 'आत्तापासून कुणाच्या जाण्याची वाट बघतेस गं?' म्हणाली, आणि मग रात्रीचं जेवण होईपर्यंत सांगत बसली. एकाच्या घरी कुणालाच कारण माहीत नव्हतं. बाबांनी काकांना विचारलं, काकांनी मोठ्या काकांना, आणि मोठे काका म्हणाले, 'करतात म्हणून करतात.' त्यानं ते तसंच लिहून आणलं होतं. मी त्याला 'उत्तम' दिलं.

मग मोजपट्टी उठली. मी तिला खुणेनं विचारलं, नक्की ना? तिनं मान हलवली. पुढे येऊन तिनं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली.

"आमच्या घरी माणूस गेल्यावर त्याच्या फोनचा गजर बंद करत नाहीत.

"आई पहिल्या बसवर जायची. तिचा गजर पाच दहाचा होता. पण तिला रोज पाचलाच जाग यायची आणि आमची झोप मोडू नये म्हणून ती गजर वाजायच्या आधीच बंद करायची. त्यामुळे तो कसा वाजतो हे मला आणि बाबांना माहीतच नव्हतं. तिचा फोन दवाखान्यातून घरी आला आणि आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्यासमोर पहिल्यांदा वाजला. ते लग्नाच्या वरातीतल्या बँडसारखं गाणं आहे. आईनं असलं गाणं लावलं असेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं आणि दचकून थांबलं. मोजपट्टीही हसली. महिन्याभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"तो अजून रोज वाजतो. मला वाटायचं, बाबा तो बंद करायला विसरतात. मी डोळे मिटून पडून राहायचे. बाबांना वाटायचं, मी झोपलेली आहे. ते उठून फोनजवळ उभे राहायचे आणि गाणं पूर्ण संपू द्यायचे. काल मी त्यांना गृहपाठाचा प्रश्न विचारला. मग त्यांनी आईनं घेतलेल्या वचनाचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, 'मी एकच गोष्ट करतो. रोज झोपताना तिचा फोन चार्जिंगला लावतो. वचन मोडल्यासारखं होतंय, पण करतो.' मी विचारलं, का करता? गृहपाठात 'का' पण लिहायचं होतं. ते म्हणाले, 'पाच दहाला या घरात रोज कुणीतरी जागं असायचं. आता कुणीच नसेल तर बरं दिसत नाही.'

"आज सकाळी आम्ही दोघंही उठलो. दोघंही रडलो. बाबांनी रडत रडत चहा केला, त्यात साखर दोनदा पडली."

तिनं वही मिटली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. छत्तीस पोरांसमोर तोफेला रडू फुटलेलं चालत नाही.

रेडिओला मात्र गप्प राहवत नाही. हळूच म्हणाली, "पण किती दिवस? म्हणजे, कुणाचे तीन असतात, कुणाचे सात, कुणाचे चाळीस. तुमचे किती?"

मी गर्रकन वळले. पण मोजपट्टी रागावली नाही. तिनं खरोखरच विचार केला, इतरांना जसा या प्रश्नाचा आकडा माहीत असतो तसा आपल्यालाही असायला हवा, असा.

"ते अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, निदान रविवारी तरी बंद ठेवू, तुला झोपायला मिळेल. मी नको म्हटलं. आईची रविवारी पण ड्यूटी असायची."